पेटी कोण उघडणार

रविवार म्हणजे घरातली सगळी तोंडं एका जागी, आणि सगळी तोंडं एका जागी म्हणजे वनिताच्या वाट्याला दोन तवे. आजही दोन्ही शेगड्यांवर भाकऱ्या होत्या. फक्त आज तिचं लक्ष भाकरीत नव्हतं, पुढच्या खोलीत होतं. पुढच्या खोलीत गोदूबाई येऊन बसली होती.

गोदूबाई काळी नदीच्या मुखाशी असलेल्या एका गावची. त्या गावच्या चौदा होड्या ऑक्टोपस धरतात आणि चौदाच्या चौदा तिच्या शब्दावर चालतात. इतक्या वर्षांत हुबळीतल्या उणकलच्या या घरी ती एकदाही आली नव्हती. आज घरच्याच ट्रकमधून आली, राजू ड्रायव्हरच्या शेजारी बसून, पहाटे निघून घाट चढून. आल्या आल्या वनितानं चहा पुढे केला तर तिनं हातच लावला नाही.

"आधी पेटी उघडा," ती म्हणाली. "मग चहा."

तेव्हापासून तो चहा दोनदा गार झाला होता. वनितानं तिसऱ्यांदा टाकला नाही. तिला कंटाळा आला होता. आजचा नव्हे, बावीस वर्षांचा.

आता पेटी उघडा म्हणायला काय जातं! पण या घरात हे दोन शब्द कुणी मोठ्यानं बोलत नसे. मासळीला या घरात मासळी म्हणत नाहीत, 'गार माल' म्हणतात. वनिताचे सासरे हणमंतअप्पा, त्यांचे वडील गोपाळप्पा मिरजेहून हुबळीत आले ते बर्फाचा कारखाना काढायला. सरबतवाल्यांना बर्फ दिला, लग्नकार्यांना दिला, मग कारवारकडचे ट्रक बर्फ मागायला लागले. घर पक्कं शाकाहारी. गोपाळप्पांनी त्यातून वाट काढली ती अशी: बर्फ आपला, रस्ता आपला, खोली आपली, पण पेटीतलं आपलं नव्हे. घरच्या माणसानं पेटी उघडायची नाही. ज्यानं उघडली त्यानं त्या दिवशी स्वयंपाकघरात आणि देवघरात पाऊल टाकायचं नाही. बर्फाचा कारखाना जाऊन त्या जागी शीतगृह आलं, गोपाळप्पा जाऊन वीस वर्षं झाली, वनिताच्या धाकट्या दिरानं, स्वप्नीलनं, शेवटी मालच विकत घेऊन बेंगळुरूच्या हॉटेलांना पाठवायला सुरुवात केली. म्हणजे पेटीतलंही आपलंच झालं. तरी नियम जिथल्या तिथं. छत्तीस वर्षं हे घर ज्याच्या जीवावर जेवत होतं ते त्यांच्यातल्या एकानंही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"वनिता," आतून सासूबाईंचा आवाज आला. "भाकरी करपायलीय बघ."

करपलीच होती. वनितानं ती खाली काढली, गॅस बंद केला आणि हात पुसत बाहेर आली.

बाहेर स्वप्नील बोलत होता. बोलण्यात त्याचा हात धरणारा घरात कुणी नाही. त्याच्यासमोर टेबलावर तो आराखडा होता, बारा पानी, रंगीत चित्रांचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर केलेला. त्यात ठरलं होतं ते असं: ऑक्टोपस मडक्यांनीच धरायचा. दोरीला बांधलेली मातीची मडकी तळाशी सोडायची, तो आसऱ्याला आत शिरतो, वर ओढला की जिवंत असतो, लहान असला तर परत पाण्यात सोडता येतो. अर्ध्या किलोच्या आतला घ्यायचा नाही. अंडी घालायचे दोन महिने मडकी काठावर पालथी. आणि प्रत्येक पेटीबरोबर चिठ्ठी, होडीपासून हॉटेलपर्यंत. ही चिठ्ठी बघूनच बेंगळुरूचा गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजत होता.

"गोदूबाई, तुमचा गैरसमज झालाय," स्वप्नील म्हणाला. "नदीच्या पलीकडच्या धक्क्यावरनंही आपण माल घेतो, पण तिथला माणूस मला लिहून देतो, सगळा माल अर्ध्या किलोच्या वर. ही बघा चिठ्ठी. खाली माझी सही."

"सही बघितली मी. माल तू बघितलास?"

स्वप्नीलनं चिठ्ठी घडी घालून परत टेबलावर ठेवली.

"तो आमच्या घरात..." त्यानं सुरुवात केली.

"ठाऊक आहे मला तुमच्या घरात काय ते." गोदूबाईनं पदर खांद्यावर ओढला. "म्हणून तर त्या कागदात मी लिहून घेतलं होतं, इथं हुबळीत प्रत्येक गाडीच्या पेट्या मालकाच्या घरच्या माणसानं उघडायच्या. ठेवलेल्या माणसानं नाही. ठेवलेल्या माणसाला धक्क्यावरचे लोक एका बाटलीत गुंडाळतात. तुम्ही मान डोलावलीत. माझी पोरं सहा महिने लहान माल पाण्यात सोडायलीत. आणि आमच्या पोरांनी सोडलेला तो पलीकडचे जाळ्यानं ओढतात आणि तुम्हालाच विकतात. आम्ही येडे काय?"

दत्तात्रेय, वनिताचा नवरा, खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मघापासून त्यानं पान उलटलं नव्हतं. घरात काही पेटलं की हा माणूस खिडकीपाशी जातो, हे वनिताला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.

"आज गाडीत अकरा पेट्या आहेत," गोदूबाई पुढे म्हणाली. "चार माझ्या गावच्या, सात पलीकडच्या. दुपारी बाराला तुमची बेंगळुरूची गाडी सुटते. त्याच्या आधी उघडा. नाहीतर उद्यापासून आमचा करार संपला. लहान मोठा जो मिळेल तो आणू, दोन महिनेही पाळणार नाही. मग दोन वर्षांनी तिथं काही उरलं तर बघू."

घड्याळात सव्वादहा झाले होते.

"राजूला सांगू की उघडायला," हणमंतअप्पा म्हणाले. झोपाळ्यावर बसले की त्यांना प्रत्येक गोष्टीचा तोडगा सापडतो. "आपण लांबनं बघू."

"राजू तुमचा पगारी," गोदूबाई म्हणाली.

"मग दुसरं कुणी..."

"अप्पा, साकु आता, पुरे!" हे बोलली पूजा. स्वप्नीलची बायको, विद्यानगरच्या एका कॉलेजात शिकवते. तिला असल्या बैठका सोसत नसत. "एक पेटी उघडायला एवढं काय! स्वप्नील, तू जा ना. सही तुझी आहे."

"मी?" स्वप्नील दचकलाच. "आज संध्याकाळी माझ्या हातनं सत्यनारायण आहे."

"तो तू कधी ठरवलास?"

"आईनं ठरवलाय."

वनिताच्या सासूबाई, शालिनीबाई, दारात येऊन उभ्या होत्या, एक हात गुडघ्यावर. त्यांनी मान हलवली. सत्यनारायण खराच होता. पूजानं नवऱ्याकडं असं पाहिलं की आज रात्री हिचं आणि त्याचं बोलणं बंद, हे सगळ्यांनाच कळलं.

वनिता टेबलापाशी गेली. चिठ्ठ्यांची फाईल तीच ठेवते. करार झाल्यापासून दर गाडीच्या चिठ्ठ्या तिनंच कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या, दुपारी जेवणं आवरल्यावर, डुलक्या घेत घेत. तिनं फाईल उघडली. खरं म्हणजे तिला नव्यानं काही शोधायचंच नव्हतं. कधीपासून तिच्या डोक्यात काहीतरी खुपत होतं, ते आज बघायचं होतं.

गोदूबाईच्या गावची पेटी: वजन वीस किलो, नग एकतीस.

पलीकडच्या धक्क्याची पेटी: वजन वीस किलो, नग शहाण्णव.

वीस किलोला शहाण्णवनं भागायला कॉलेज लागत नाही. चौथीतलं पोर भागेल. एकेक दोनशे ग्रॅमचा. आणि वर लिहिलेलं, सगळा अर्ध्या किलोच्या वर. हा शहाण्णव आकडा तिनं स्वतःच्या बोटांनी टाईप केला होता. एकदा नव्हे, वीसेक वेळा तरी. एकदाही भागाकार केला नाही. का केला नाही? कारण पेटीतलं आपलं नव्हे. नियम गोपाळप्पांचा असेल, पण डोळे तिचे होते. तिला स्वतःची लाज वाटली, सपाटून वाटली.

"भावजी," तिनं फाईल स्वप्नीलपुढे सरकवली. "हे बघा."

त्यानं बघितलं. त्याचा चेहरा बदलला नाही, तेव्हा वनिताला कळलं की त्यानं भागाकार कधीचाच केला होता.

"वहिनी, गिऱ्हाईकाला आठवड्याला एवढा माल लागतोच," तो हळू आवाजात म्हणाला. "गोदूबाईंच्या गावातनं तेवढा येत नाही. नाही म्हटलं तर तो दुसरीकडं जाईल. मी कुणासाठी करतोय हे? घरासाठीच की!"

"मला वाटलंच होतं," खिडकीपाशी दत्तात्रेय पुटपुटला.

"तुम्हाला वाटलं होतं?" वनिता वळली. "कधी?"

"पाडव्याच्या सुमाराला."

"आणि बोलला नाहीत."

"बोलून काय होणार होतं? घरात उगीच तमाशा."

वनितानं फाईल मिटली. हे वाक्य ती बावीस वर्षं ऐकत होती. तिला आठवला मागच्या मार्गशीर्षातला तो दिवस. करार झाला त्या दिवशी गोदूबाईच्या अंगणात तिची ओटी भरली होती गावच्या बायकांनी. नारळ, तांदूळ, अबोलीचा गजरा. गोदूबाईनं विचारलं होतं, 'पुरुषांचं सोड, तू बघशील ना?' आणि पदरात नारळ घेऊन ही म्हणाली होती, 'बघते की.' त्या नारळाची तिनं घरी बर्फी केली होती. सगळ्यांनी खाल्ली.

"किल्ली द्या, अप्पा," ती म्हणाली.

झोपाळा थांबला.

"कशाची किल्ली?"

"शीतगृहाची. मी उघडते."

"वनिता!" शालिनीबाई एवढंच म्हणाल्या. मग गुडघा धरून त्या दोन पावलं पुढे आल्या. "उघडलीस तर आज आत यायचं नाही. ना चूल, ना देव. ठाऊक आहे न्हवं?"

"ठाऊक आहे, आत्ती."

"अर्धा स्वयंपाक पडलाय."

"तोही ठाऊक आहे."

अप्पांनी कमरेची किल्ली काढली, हातात धरली, पण पुढं केली नाही. "माझ्या वडिलांनी एवढं एकच सांगितलं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. "एवढं एकच."

"अप्पा, त्यांनी बर्फ विकला. आपण जीव विकतोय. न बघता विकायचं हे कुठलं सोवळं?"

हे ती बोलून गेली आणि तिची तिलाच भीती वाटली. पण अप्पांनी किल्ली टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, ठेवली. तिनं उचलली.

शीतगृह घराच्या मागंच, पूर्वी बर्फाचा कारखाना होता तिथं. गोदूबाई तिच्याबरोबर निघाली. मागनं पूजाही आली, पायांत नवऱ्याच्या चपला अडकवून. "मी हात लावणार नाही, अक्का," ती म्हणाली. "पण वजन लिहून घेते."

राजूनं अकरा पेट्या ओळीनं मांडल्या आणि मालकिणीकडं बघून तो दाराशी जाऊन उभा राहिला. पांढऱ्या थर्माकोलच्या पेट्या, चिकटपट्टीनं बंद. वनितानं पहिली पट्टी ओढली. तिला वाटलं होतं, घाण वाटेल. बर्फ बाजूला सारला आणि आत हात घातला तेव्हा आधी फक्त गारठा लागला. मग हाताला ते लागलं, ओल्या फडक्यासारखं मऊ. तिनं वर काढलं. करड्या रंगाचा, तिच्या मुठीएवढा. पाय दोरे लोंबावेत तसे लोंबत होते. डोळा मिटलेला की उघडा, तिला कळेना.

"काट्यावर ठेव," गोदूबाई म्हणाली.

एकशे ऐंशी ग्रॅम.

दुसरा, दोनशे दहा. तिसरा, एकशे साठ. वनिता काढत राहिली, पूजा लिहीत राहिली. सातही पेट्यांतले दहा दहा तोलले. अर्ध्या किलोचा एकही नव्हता. मग गोदूबाईच्या गावच्या चार पेट्या. त्यांतला पहिला वर काढायला तिला दोन्ही हात लावावे लागले. सहाशे साठ. बाकीचेही तसलेच.

"हे असे व्हायला त्यांना अजून तीन चार महिने मिळाले असते, बस," गोदूबाई लहानांच्या ढिगाकडं बोट करून म्हणाली. रागानं नाही म्हणाली. राग तिनं बहुतेक गाडीतच संपवला होता.

वनिताला रडू आलं. बोटं बधिर झाली होती आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, तेव्हा तिनं ते खांद्यालाच पुसले. मेलेलं परत पाठवून जिवंत होणार नव्हतं. तरी सात पेट्यांच्या चिठ्ठ्यांवर तिनं जाड पेननं 'नाकारलं' लिहिलं, कन्नडातही लिहिलं, खाली सही केली. पहिल्यांदाच कुठल्या चिठ्ठीवर तिची सही होती.

"राजू, या सात परत गाडीत. ज्यानं दिल्या त्याला दे."

राजूनं तिच्या डोक्यावरनं मागं बघितलं. ती वळली. दारात दत्तात्रेय उभा होता, खिडकी सोडून इथवर आलेला. मागं स्वप्नील, लाल चेहऱ्यानं.

"वहिनी, चार पेट्यांनी काय होतंय? गिऱ्हाईक तोडतोय आपण!"

दत्तात्रेयनं फोन काढला. बेंगळुरूला लावला. "आज चारच पेट्या येतील," तो म्हणाला. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला. "नाही, पुढच्या गाडीलाही तेवढाच असेल. खरा माल तेवढाच आहे... हौदु, हो. बघा तुम्ही, विचार करा आणि कळवा." फोन खिशात टाकून तो भावाला म्हणाला, "विचार करतो म्हणाला. कदाचित सोडेल आपल्याला." आणि राजूला, "गाडी भर."

वनिता नवऱ्याकडं बघत राहिली. पाडव्याला बोलला असता तर, असं तिच्या मनात आलं. पण आता तेवढं भांडायचंही त्राण नव्हतं.

घराच्या मागच्या नळावर तिनं साबण लावून तीनदा हात धुतले आणि मागच्या पायरीवर बसली. पायरी स्वयंपाकघराच्या दारातली, आत परातीत अर्धवट मळलेलं पीठ दिसत होतं. शेजारी गोदूबाई टेकली. पाठोपाठ सगळे तिथंच जमले, कारण साडेअकरा वाजून गेले होते आणि सगळ्यांना भूक लागली होती.

अप्पा दारात घुटमळले. "झालं ते झालं," ते म्हणाले. "आंघोळ करून घे आणि ये आत. एवढं काही नाही. भरली वांगी झालीत न्हवं? भाकरी तेवढ्या..."

वनिता उठायलाच लागली होती. इतक्या वर्षांची सवय, भाकरी म्हटलं की पाय आपोआप उठतात.

"बस," शालिनीबाई म्हणाल्या.

त्या आतल्या बाजूनं आल्या होत्या. वनिताला वाटलं, आता बोलणी खायची.

"एवढं काही नाही कसं?" शालिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं. "तुमच्या वडिलांचा नियम. पेटी उघडली, आज चूल नाही. मघाशी झोपाळ्यावर बसून तुम्हीच म्हणालात, एवढं एकच सांगितलं होतं म्हणून. मग पाळा की. भाकरीची वेळ आली म्हणून सुटतो होय नियम?"

"अगं, पण..."

"आठवड्याला किती गाड्या येतात?"

"तीन," स्वप्नील म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे आठवड्यातनं तीन दिवस ही पेट्या उघडणार आणि आत येणार नाही. मीच पाळायला लावीन." त्या गुडघा दाबत, भिंत धरत खाली आल्या आणि सुनेच्या शेजारी पायरीवर बसल्या. श्वास घेतला. "आणि माझे गुडघे दुखतात. पन्नास वर्षं या चुलीपुढं झाली, मी कधी बोलले नाही."

पूजानं सांगून टाकलं की तिला भाकरी येत नाही, आणि तिचा नवरा शिकायला तयार असेल तर तीही शिकेल. स्वप्नीलनं दत्तात्रेयाकडं बघितलं. दत्तात्रेयाला जवळपास खिडकी नव्हती. तो परातीकडं बघत उभा राहिला.

वनिताला सासूचा खांदा आपल्या खांद्याला लागलेला जाणवत होता. बावीस वर्षांत असं दोघी एका पायरीवर, रिकाम्या हातानं, कधी बसल्या होत्या? तिला आठवेना. आठवायचा तिनं फार प्रयत्नही केला नाही. अंग दुखत होतं, बोटांत अजून गारठा होता, आणि उठायचं नव्हतं, एवढंच तिला पुष्कळ वाटत होतं.

"पेटी उघडली," गोदूबाई म्हणाली. "आता चहा पिते मी."

सवयीनं सगळ्यांनी वनिताकडं बघितलं. वनितानं आपले दोन्ही हात पुढं करून दाखवले, लालभडक झालेले, आणि परत मांडीवर ठेवले.

मग हणमंतअप्पाच आत गेले. शहात्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा. गॅस पेटवायला तीन काड्या गेल्या. पातेलं वाजलं, दूध सापडलं. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, आणि दारातून त्यांचं डोकं बाहेर आलं.

"वनिता, साखर कुठल्या डब्यात असते?"

फळीवर एका ओळीनं बारा डबे होते, सगळे स्टीलचे, सगळे सारखे, एकावरही काही लिहिलेलं नाही. तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"उघडून बघा, अप्पा," ती म्हणाली.